एका चिलटाचे पंचांग

एखाद्या किनाऱ्याची हानी झाली, तर तिची भरपाई दुसऱ्या किनाऱ्यावर करता येईल, असा युक्तिवाद अनेकदा केला जातो. हिशेबाच्या वहीत तो निर्दोष दिसतो. युरोपच्या खडकाळ अटलांटिक किनाऱ्यांवर राहणारे ‘क्लुनिओ’ प्रजातीतील एक क्षुद्र चिलट मात्र या हिशेबातील चूक दाखवून देते.

आयरिश कीटकशास्त्रज्ञ हॅलिडे यांनी १८५५ मध्ये या प्रजातीचे प्रथम वर्णन केले. हिच्या ‘क्लुनिओ मरिनस’ या जातीच्या अळ्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यात अगदी खाली, शेवाळात वाढतात. हा भाग पूर्णपणे उघडा पडतो तो अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या मोठ्या ओहोटीलाच. प्रौढ कीटकाचे आयुष्य अवघ्या काही तासांचे. तेवढ्यात मीलन आणि अंडी घालणे, दोन्ही उरकावे लागते. मादीला पंख नसतात. नरच तिला कोशातून बाहेर पडण्यास साहाय्य करतो आणि अंडी घालण्याच्या जागी वाहून नेतो. मुहूर्त चुकला, तर सारे व्यर्थ!

हा मुहूर्त साधण्यासाठी चिलटाजवळ जणू दोन घड्याळे असतात. एक तिथी सांगते, दुसरे वेळ. जर्मन शास्त्रज्ञ डीट्रिख नॉयमान यांनी प्रयोगशाळेत महिन्यातील काही रात्री मंद प्रकाशाचे कृत्रिम चांदणे पाडून पहिले घड्याळ लावता येते, हे सिद्ध केले. उत्तर समुद्रातील हेल्गोलांड बेटावरील चिलटे तर चांदण्याऐवजी भरतीच्या पाण्याच्या खळबळीवरून तिथी ओळखतात.

खरी मेख पुढेच आहे. मोठी ओहोटी एका ठिकाणी साधारणपणे दिवसाच्या ठरावीक वेळीच येते. परंतु स्थळ बदलले की ती वेळ काही तासांनी बदलते. त्यामुळे प्रत्येक किनाऱ्यावरील चिलटांचे पंचांग वेगळे असते. दोन ठिकाणच्या चिलटांचा संकर केला असता संततीची वेळ मधलीच येते. अर्थात हे पंचांग शिकलेले नसून वारशाने आलेले आहे. २०१६ मध्ये या चिलटाच्या जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यानेही वेळेतील या फरकांचे मूळ आनुवंशिक घटकांत दाखवून दिले.

तात्पर्य, एका किनाऱ्यावरचे चिलट दुसरीकडे नेऊन सोडले, तरी ते जुन्या गावचेच पंचांग पाळणार आणि कदाचित ऐन भरतीत बाहेर पडणार. विनिमय समान वस्तूंचाच होऊ शकतो. दोन किनाऱ्यांची लांबी समान असेल, खडकही सारखे असतील. पण असंख्य पिढ्यांनी त्या-त्या जागेशी जुळवून घेतलेली वेळ कोणत्या भावाने मोजणार? भरपाईचा आकडा मांडण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर देणे क्रमप्राप्त आहे.