समजून घ्या : मानसोपचार एकट्याचे की अख्ख्या घराचे?

घरातल्या एकाला मानसिक आजार झाला, तर उपचारांना कोणी बसायचे? चिकित्सा मानसशास्त्रात याचे उत्तर काळानुसार बदलत गेले.

सुरुवात कशी झाली?
लायटनर विटमर यांनी १८९६ मध्ये अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात पहिले मानसशास्त्रीय क्लिनिक काढले. तेथे लक्ष एकेका मुलाच्या अडचणीवर असे. फ्रॉइड यांच्या मनोविश्लेषणातही नातेवाइकांना उपचारांपासून दूरच ठेवले जाई.

कुटुंब कधी आले?
१९५० च्या दशकात. सुधारलेले काही रुग्ण घरी परतताच पुन्हा बिघडतात, हे डॉक्टरांच्या लक्षात आले. १९५६ मध्ये ग्रेगरी बेटसन यांच्या गटाने स्किझोफ्रेनियाचा संबंध घरातील परस्परविरोधी संदेशांशी जोडला.

चुकले कुठे?
आजाराचे खापर आई-वडिलांवर, विशेषतः आईवर फुटले. अशा संवादामुळे स्किझोफ्रेनिया होतो, हे मात्र कधीच सिद्ध झाले नाही.

भारतात काय घडले?
अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात नातेवाइकांना आवारातील तंबूंत रुग्णासोबत राहू दिले. घरचे लोक उपचारातले मदतनीस ठरले.

आज काय?
गरजेप्रमाणे दोन्ही पद्धती वापरतात. स्किझोफ्रेनियात औषधांच्या जोडीला घरच्यांनाही आजार समजावून सांगितला, तर तो उलटण्याचे प्रमाण घटते.