अँटीव्हायरस आहे, पण तो अद्ययावत आहे का?

मागच्या भागात आपण पासवर्डबद्दल बोललो. त्यावर एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला : "आमच्याकडे अँटीव्हायरस आहे, मग काळजी कसली?" माझा उलट प्रश्न असतो, "तो शेवटचा अपडेट कधी झाला?" इथे बहुतेक जण थांबतात.

अँटीव्हायरस काम कसं करतो, ते आधी बघू. सोसायटीच्या रखवालदाराकडे चोरांच्या फोटोंची यादी आहे, असं समजा. आत येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा तो यादीशी ताडून बघतो. अँटीव्हायरसही प्रत्येक फाइल अशीच ओळखीच्या खुणांशी ताडतो. संशयास्पद वागणुकीवरही त्याची नजर असते, पण मुख्य आधार यादीचाच. नवे व्हायरस रोज येतात, म्हणून ही यादी दिवसातून एकदा किंवा अनेकदा बदलते. दोन वर्षांपूर्वीची यादी घेऊन बसलेला रखवालदार जागा असतो, पण नवा चोर त्याला ओळखू येत नाही.

आता दुसरी गोष्ट. यादी ताजी आहे, पण मागच्या भिंतीला भगदाड आहे, तर? विंडोजमध्येही अशी भगदाडं सापडतात आणि ती बुजवायला विंडोजचा स्वतःचा अपडेट लागतो. २०१७ चं उदाहरण घ्या. १४ मार्चला मायक्रोसॉफ्टने एका गंभीर त्रुटीवर दुरुस्ती दिली. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' पसरला, तो नेमक्या त्याच त्रुटीतून. जवळजवळ दोन महिने दुरुस्ती फुकट उपलब्ध होती, तरी सुमारे १५० देशांतले दोन लाखांहून अधिक कॉम्प्युटर सापडले. फाइल्स कुलूपबंद झाल्या आणि पडद्यावर ३०० डॉलरची मागणी आली, तीही बिटकॉइनमध्ये. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. म्हणून दोन्ही अपडेट हवेत : यादीचा आणि विंडोजचा.

चला, आता व्हिडिओ थांबवा आणि माझ्याबरोबर करा.

पहिलं, स्टार्टच्या शोधपट्टीत 'विंडोज सिक्युरिटी' टाइप करून ते उघडा. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा अँटीव्हायरस आधीपासूनच असतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

दुसरं, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये जाऊन 'प्रोटेक्शन अपडेट्स' बघा. तिथे शेवटच्या अपडेटची तारीख दिसते. ती आजची किंवा कालची असावी. नसेल तर 'चेक फॉर अपडेट्स' दाबा. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'च्या 'मॅनेज सेटिंग्ज'मध्ये 'रिअल-टाइम प्रोटेक्शन' चालू आहे ना, तेही पाहून घ्या.

तिसरं, सेटिंग्जमधून विंडोज अपडेट तपासा. रीस्टार्ट मागितला तर 'नंतर, नंतर' करत बसू नका. बरेच अपडेट रीस्टार्टशिवाय पूर्ण होत नाहीत.

अपडेट होतच नसेल, तर तीन कारणं तपासा. एक, कोपऱ्यातली तारीख. जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरचा सेल संपला की तारीख मागे जाते आणि अपडेटचं सुरक्षित कनेक्शन अडतं. दोन, मोबाइलचं हॉटस्पॉट. ते 'मीटर्ड' म्हणून नोंदलेलं असेल तर काही अपडेट आपोआप उतरत नाहीत. तीन, मुदत संपलेला विकतचा अँटीव्हायरस. त्याचं नूतनीकरण करायचं नसेल तर तो पूर्ण काढून टाका आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, म्हणजे डिफेंडर पुन्हा सूत्रं हाती घेतो. मात्र दुप्पट सुरक्षेच्या आशेने दोन अँटीव्हायरस एकदम चालवू नका. ते एकमेकांच्याच पायात पाय घालतात.

विंडोज १० वाल्यांनी इकडे लक्ष द्या. त्याचे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. डिफेंडरची यादी पुढेही ताजी होत राहते, पण त्याने भिंत बुजत नाही. कॉम्प्युटर चालत असेल तर विंडोज ११ वर जा, नाहीतर मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा योजनेत नाव नोंदवा. दोन्ही जमत नसेल, तर निदान बँकेचे व्यवहार त्यावर करू नका.

आणखी एक सांगतो, कारण यात वडीलधारी माणसं फसतात. "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" असा संदेश ब्राउझरमध्ये आला, तर तो खोटाच समजा. विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. फोन करू नका, कुणाला स्क्रीन दाखवू नका, ब्राउझर बंद करा. पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

शेवटी, कुठलाच रखवालदार शंभर टक्के नसतो. फोटो, पेन्शनचे कागद, जमिनीचे उतारे यांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि काम झालं की ती डिस्क काढून ठेवा. जोडलेलीच राहिली तर कुलूप तिलाही लागेल.

आज रात्री गावाकडे फोन कराल, तेव्हा आई-बाबांना जेवणखाण विचाराल, त्याबरोबर तेवढी अपडेटची तारीखही वाचायला सांगा. भेटू पुढच्या भागात.