व्हॅल्को मॉलच्या जागेचा वाद

कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनो या उपनगरात ॲपलचे मुख्यालय आहे. तिथला व्हॅल्को मॉल ओस पडल्यावर त्या जागी घरे, कार्यालये आणि दुकाने असा मिश्र वापराचा मोठा प्रकल्प पुढे आला. रस्त्यांवरची कोंडी, शाळांवरचा ताण आणि इमारतींची उंची हे विरोधकांचे आक्षेप होते. घरे वाढल्याशिवाय भाडी आवाक्यात येणार नाहीत, असे समर्थक सांगत. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन्ही बाजूंचे प्रस्ताव मतदानाला आले आणि दोन्ही फेटाळले गेले.

पुढे २०१७ चा राज्याचा कायदा निर्णायक ठरला. या कायद्याने घरबांधणीचे उद्दिष्ट न गाठलेल्या शहराला, परवडणाऱ्या घरांचा ठरलेला वाटा देणारा आणि नियमांत बसणारा प्रकल्प मुदतीत मंजूर करावाच लागतो. त्यानुसार २०१८ मध्ये २,४०२ घरांचा आराखडा मंजूर झाला. त्यांतली निम्मी घरे परवडणारी. विरोधक न्यायालयात गेले, पण २०२० मध्ये मंजुरी कायम राहिली.

नुसत्या नकाराने निर्णय रहिवाशांच्या हातून जातो. घरे किती, कुठे आणि कोणासाठी, हे त्यांनी वेळीच ठरवायला हवे.