तट पडले, धर्मग्राम उरले

केळव्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात उभा असलेला भुईकोट, खाडीच्या मुखाजवळचा पाणकोट, शेजारच्या माहीमचा किल्ला आणि उत्तरेकडील तारापूरचा कोट ही उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्तेची संरक्षणफळी होती. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत जानेवारी १७३९ मध्ये ती अवघ्या काही आठवड्यांत कोसळली. तारापूरच्या लढाईत मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर कामी आले, आणि पुढे दीर्घ वेढ्यानंतर त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसईच्या किल्ल्यावरही भगवा चढला. या विजयाचा लष्करी इतिहास मराठी वाचकाला परिचित आहे. मात्र ज्या सत्तेच्या आश्रयाने ख्रिस्ती धर्म या किनारपट्टीवर पसरला होता, ती सत्ता गेल्यावर मागे राहिलेल्या स्थानिक ख्रिस्ती समाजाला कोणी सावरले, हा प्रश्न तितकाच मोलाचा असूनही सहसा विचारला जात नाही.

गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या तहान्वये वसई पोर्तुगीजांच्या हवाली केल्यापासून येथील चर्चचा कारभार ‘पाद्रोआदो’ या व्यवस्थेनुसार चालत असे. पोर्तुगालच्या राजाने चर्च बांधावीत, धर्मगुरूंचा खर्च सोसावा आणि त्या बदल्यात बिशपांच्या नेमणुकीसाठी नावे सुचवावीत, असा तो पोपने दिलेला अधिकार होता. या व्यवस्थेने धर्माला वैभव दिले, पण त्याला राजसत्तेच्या दावणीलाही बांधले. सक्तीची धर्मांतरे आणि मंदिरांचा विध्वंस ही त्या बांधिलकीची काळी बाजू होती व ती नाकारण्याचे कारण नाही. एतद्देशीयांना युरोपीय धर्मसंघांची दारे सहजासहजी उघडत नसत. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया यांनी जपानमध्ये येशूसंघीयांसोबत धर्मशिक्षक म्हणून अनेक वर्षे सेवा केली, तरी त्या संघात त्यांना प्रवेश मिळाला नाही. अखेर फ्रान्सिस्कन संघाने त्यांना बंधू म्हणून स्वीकारले, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांना क्रुसावर मरण आले आणि १८६२ मध्ये, ज्यांना येशूसंघाने नाकारले होते तेच, भारतातील पहिले संत म्हणून घोषित झाले.

१७३९ नंतर युरोपीय धर्मगुरूंना वसई प्रांत सोडावा लागला, चर्चच्या जमिनींचे उत्पन्न गेले आणि अनेक वास्तू ओस पडल्या. तथापि शरणागतीच्या अटींमध्ये मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेच्या धर्माचरणाला मुभा देण्यात आली होती, ही मराठ्यांच्या राजनीतीची उल्लेखनीय बाजू होय. परंतु मुभा मिळणे वेगळे आणि धर्म टिकणे वेगळे. तो टिकवण्याचे काम आजवर दुय्यम मानल्या गेलेल्या एतद्देशीय धर्मगुरूंच्या अंगावर पडले व त्यांनी ते निभावले. १७६० च्या सुमारास साष्टी बेटातून प्रवास करणाऱ्या आंकेतिल द्यु पेराँ या फ्रेंच विद्वानाला ठाण्यात ख्रिस्ती सण उघडपणे व थाटात साजरे होताना दिसले, आणि उपासना चालवणारे धर्मगुरूही देशी आढळले. ना पदरी सैन्य, ना राजाचा तनखा, अशा अवस्थेत या धर्मगुरूंनी धर्मग्राम, म्हणजे एका चर्चच्या छत्राखालील वस्ती, एकत्र राखली.

या समाजाचा मुख्य विस्तार वसई व साष्टीच्या शेतकरी, कोळी आणि बागाईतदार वस्त्यांत राहिला. केळवे-तारापूर पट्ट्यात पोर्तुगीज काळाची खूण म्हणून प्रामुख्याने तट-बुरूज उरले. या फरकाची कारणे अनेक असतील, तरी जेथे श्रद्धा गावगाड्यात व घरच्या बोलीत मुरली तेथे ती सत्तेवाचूनही जगू शकली, असा निष्कर्ष काढणे वावगे ठरू नये. सतराव्या शतकात एका मिशनऱ्याने उत्तर कोकणच्या बोलीचे व्याकरण रचले होते, जे पोर्तुगीज अभ्यासक कुन्य रिव्हारा यांनी १८५८ मध्ये गोव्यात छापून प्रसिद्ध केले. लोकांशी त्यांच्याच बोलीत बोलण्याची निकड त्या काळीही जाणवत होती, याचा तो पुरावा आहे.

हाच वारसा आधुनिक काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या कार्यात दिसतो. नंदाखाल येथे १९४२ मध्ये जन्मलेल्या या धर्मगुरूंनी ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादन केले, ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईची शेती व भूजल बिल्डर आणि टँकरच्या धंद्यापासून वाचवण्यासाठी उभ्या राहिलेल्या हरित वसई चळवळीचे नेतृत्व केले. त्या लढ्यात विहिरी आटण्याची भीती सर्वांची होती, म्हणून तो एका धर्माचा लढा राहिला नाही. उस्मानाबाद येथील २०२० च्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाल्यावर विरोध झाला, धमक्या आल्या. तरीही प्रकृती साथ देत नसताना ते संमेलनाला गेले. जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

संकटकाळातील धर्मनेतृत्वाची कसोटी त्याच्या पाठीशी किती बळ आहे यावर नव्हे, तर ते बळ नाहीसे झाल्यावर लोक त्याला आपले मानतात की नाही यावर ठरते. अठराव्या शतकातील ते देशी धर्मगुरू या कसोटीला उतरले, कारण ते ज्या रयतेत जन्मले तिच्याच सुखदुःखात राहिले. आणि आज कोणत्याही धर्माच्या नेतृत्वाने राजाश्रयाचा मोह धरण्यापूर्वी उत्तर कोकणचा हा इतिहास मनापासून अभ्यासावा, इतका तो बोलका आहे.