रांजणगावची लिनिया आणि तिचे मागचे शॉकअप

आमच्या निमोणे गावाच्या शेजारी, रांजणगावच्या कारखान्यात 2009 पासून फियाट लिनिया बनू लागली. पुढच्या वर्षी तिची टर्बो पेट्रोलवरची टी-जेट आली. माझ्याकडे तीच आहे आणि मला ती मनापासून आवडते.

हंगामात न्हावऱ्याच्या घोडगंगा साखर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांमागून जाताना गतिरोधकावर गाडीचा मागचा भाग दोन-तीनदा डोलू लागला, तेव्हाच ओळखलं, शॉकअप संपले. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअपचं काम तिची उसळी थांबवण्याचं. आतला पिस्टन तेलाला बारीक छिद्रांतून ढकलतो आणि हालचालीची ऊर्जा उष्णता होऊन जाते. सील झिजून तेल गळलं की चाक रस्त्यावर नीट टेकत नाही. टायर जागोजाग झिजतो, ब्रेक मारल्यावर गाडी थांबायलाही जास्त अंतर लागतं. म्हणून हे काम लांबणीवर टाकणं मला धोक्याचं वाटतं.

शॉकअप जोडीनेच बदलावेत, नाहीतर दोन्ही बाजू वेगळ्या वागतात. लिनियात मागची स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी बसते, त्यामुळे ती दाबून धरायचं अवजार लागत नाही. पण गाडी भक्कम स्टँडवर घेतल्यावर अ‍ॅक्सलखाली जॅक हवाच. तो नसेल तर बोल्ट निघताच अ‍ॅक्सल खाली येतो, स्प्रिंग सुटू शकते, ब्रेकच्या नळीवर ताण येतो. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीच तेल सोडावं.

खालचा बोल्ट मात्र गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचा आवळावा. अधांतरी आवळला तर रबरी बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.