कायदा समजून घेताना : पाठलागाचा आरोप आणि बचाव

पाठलागाच्या गुन्ह्यात अडकलेला माणूस वकिलापुढे बसला की हमखास म्हणतो, 'मी फक्त मेसेज केले होते.' किती केले आणि समोरची स्त्री नको म्हणाल्यानंतर किती, हे दोन प्रश्न त्यावर लगेच येतात. बहुतेक खटला याच दोन उत्तरांवर उभा राहतो किंवा कोसळतो.

दिल्लीतल्या डिसेंबर २०१२च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्या. जे. एस. वर्मा समिती नेमली गेली आणि २०१३मध्ये भारतीय दंड संहितेत पाठलागाचे कलम ३५४-ड आले. १ जुलै २०२४पासून ते भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ झाले आहे. स्त्रीने स्पष्ट नापसंती दाखवल्यावरही जवळीक साधण्यासाठी पुन्हापुन्हा तिच्या मागे जाणे, संपर्क साधणे किंवा तसा प्रयत्न करणे हा पुरुषाने केलेला गुन्हा ठरतो. (नायिकेच्या मागे तीन गाणी फिरणाऱ्या नायकावर आपण टाळ्या वाजवल्या, ते वेगळे.) तिच्या इंटरनेट किंवा ईमेल वापरावर पाळत ठेवणे हा याच कलमाचा दुसरा भाग, आणि तिथे नकाराची किंवा 'पुन्हापुन्हा'ची अट नाही. बायकोच्या मोबाइलमध्ये गुपचूप अ‍ॅप टाकणाऱ्याने हे नीट वाचावे.

पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व दंड; गुन्हा दखलपात्र, पण जामीनपात्र. पुन्हा दोषी ठरल्यास पाच वर्षांपर्यंत, आणि तेव्हा जामीन हक्काचा राहत नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावले आहे. त्यामुळे पोलिसांकडून हजर राहण्याची नोटीस येऊ शकते. ती टाळू नये.

आता बचाव. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने डिसेंबर २०२४मध्ये अकोला जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितले की, मुलीच्या मागे एकदाच जाणे म्हणजे या कलमातला पाठलाग नव्हे. कृती वारंवार किंवा सतत झाल्याचे सिद्ध व्हायला हवे. मात्र त्या प्रकरणातल्या मुख्य आरोपीची लैंगिक छळाबद्दलची दोषसिद्धी कायम राहिली, हे बातम्यांच्या मथळ्यांत हरवले. एक कलम गळून पडले म्हणजे माणूस सुटला, असे नाही.

नकार स्पष्ट होता का, हा दुसरा मुद्दा. दोन्ही बाजूंनी गप्पा चालू होत्या, कामाचे निरोप होते, मुलाच्या ताब्यावरून बोलणे होते, तर ते सगळे संभाषण मूळ फोनमधून, तारखांसह दाखवता आले पाहिजे. निवडक स्क्रीनशॉट दोन्ही बाजूंना दगा देतात. इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत द्यायची तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चे प्रमाणपत्र लागते, आणि फिर्यादीकडे ते नसेल तर उलटतपासणीत तो मुद्दा येणारच. उलट ब्लॉक झाल्यावर दुसऱ्या नंबरवरून मेसेज करणाऱ्याला 'नकार कळलाच नाही' म्हणणे जड जाते. घाबरून चॅट पुसून टाकणारे तर स्वतःचाच बचाव पुसतात.

गुन्हा शोधण्याची जबाबदारी सरकारने सोपवलेली असणे, कायद्याने भाग पाडलेले असणे किंवा त्या परिस्थितीत तसे वागणे वाजवी असणे, असे तीन अपवाद कलमातच आहेत. ते सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. 'प्रेम खरे होते' हा त्यांत बसत नाही.

हा गुन्हा खालच्या न्यायालयात आपसांत मिटवता येत नाही. फिर्याद रद्द करून घेण्यासाठी उच्च न्यायालयातच जावे लागते. म्हणून ज्याच्यावर गुन्हा दाखल झाला आहे त्याला एकच सांगणे : माफी मागायला, समजूत घालायला किंवा मित्राकरवी निरोप धाडायला फिर्यादीशी संपर्क करू नका. तो संपर्कही तिने नोंदवून ठेवला, तर आरोपपत्रात आणखी एक पान वाढेल.