शक्य आणि अनिवार्य : नाव आहे म्हणून वस्तू आहे?

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. औंढा नागनाथ, वसमत, कळमनुरी तिकडे गेले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘औंढा नागनाथ, जि. परभणी’ असाच पत्ता सापडतो. शासनाने तो निर्णय घेतला नसता तर आजही तसेच लिहिले असते, हे कोणीही मान्य करील. मोडल लॉजिक, म्हणजे शक्य-अनिवार्याचे तर्कशास्त्र, रूढ तर्कशास्त्रावर जसेच्या तसे उभे केले की मात्र ही साधी गोष्टच अमान्य ठरते. ते कसे, हे सावकाश पाहू.

हिंगोली जिल्हा म्हणजे हिंगोली जिल्हाच. प्रत्येक वस्तू स्वतःशी एकरूप असते, यात वाद नाही. मग हिंगोली जिल्ह्याशी एकरूप असे काहीतरी आहे. म्हणजेच हिंगोली जिल्हा आहे. ही दुसरी पायरी रूढ तर्कशास्त्रात चालते, कारण तिथे प्रत्येक नावाला धनी असतोच असे धरून चालतात. आता तिसरी. मागच्या भागात आपण अनिवार्यतेचा नियम पाहिला: जे निव्वळ तर्काने सिद्ध होते, ते अनिवार्यही असते. आपण ना नकाशा पाहिला, ना राजपत्र. सगळे तर्कानेच केले. तेव्हा हिंगोली जिल्हा असणे अनिवार्य! निर्णय झाला असता किंवा नसता, जिल्हा असताच.

तिसऱ्या पायरीवर संशय घ्यावासा वाटतो, पण मला तो नियम निर्दोष वाटतो. खोट दुसरीत आहे. नावाला धनी आहे, ही आपल्या जगाची माहिती. ती तर्काचा नियम बनून आत शिरली. पडताळा परभणीच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात मिळतो. ‘अंबाजोगाई जिल्हा’ या मागणीला कित्येक वर्षे झाली, नाव सर्वांच्या तोंडी आहे. जिल्हा मात्र झालेला नाही. दुसरी पायरी तिथे लावा, आणि तोही आजच अस्तित्वात असल्याचे ‘सिद्ध’ होईल.

तत्त्वज्ञ सॉल क्रिपके यांनी १९६३ च्या लेखात प्रत्येक शक्य जगाला, म्हणजे जग जसे असू शकले असते त्या प्रत्येक रूपाला, त्यातल्या वस्तूंची वेगळी यादी दिली. एका यादीतली वस्तू दुसरीत नसेलही. पण वरची सिद्धता अडवण्यासाठी त्यांनी आपल्या पद्धतीतून नावेच वगळली. ही किंमत मला फार वाटते. ‘हिंगोली जिल्हा झाला नसता तर’ असे म्हणायलाही ते नाव लागतेच. बोलणारा या जगात उभा राहून, इथल्या नावाने, तो जिल्हा नसलेल्या जगाविषयी बोलत असतो. १९७० च्या प्रिन्स्टनमधल्या व्याख्यानांत नावांचे हे सामर्थ्य क्रिपके यांनीच उलगडून दाखवले.

म्हणून मला ‘फ्री लॉजिक’चा मार्ग अधिक पटतो. त्यात नावे राहतात, पण दुसरी पायरी चढण्याआधी ‘हिंगोली जिल्हा अस्तित्वात आहे’ हे वेगळे गृहीतक मांडावे लागते. ते मांडले की निष्कर्ष निव्वळ तर्काचा उरत नाही, आणि अनिवार्यतेचा नियम त्याला लागू होत नाही. १ मे १९८१ ला परभणीचा परतूर तालुका घेऊन झालेल्या जालना जिल्ह्यालाही हेच लागू.

तत्त्वज्ञ टिमथी विल्यमसन मात्र २०१३ च्या ग्रंथात तो निष्कर्षच स्वीकारतात: जिल्हा झाला नसता, तरी ती वस्तू असतीच, फक्त जिल्हा म्हणून नव्हे. त्यांची बाजू दुबळी नाही. ती समजायला रूथ बार्कन यांचे १९४६ चे सूत्र लागते. ते पुढच्या आठवड्यात.